कड्याचे तोंड

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील ऐतिहासिक नाटक ज्यांनी पाहिले, त्यांना त्यातला करुण प्रसंग कदाचित आठवत नसेल. पण सरदाराच्या अंगावरून कडी गळू लागली तो प्रसंग ते विसरले नसतील. तलवार उगारण्यासाठी त्याने हात वर केला. काखेतून एक कडे निसटले, मग दहाबारा, आणि अंकाच्या ऐन भरात रंगमंचावर लोखंडाचा सडा पडला. पहिल्या रांगेत बसलेले प्राध्यापकसुद्धा हसले. ते चिलखत मी केले होते.

दरवर्षी आपल्याकडे सुतळीची जाळी विणून ती चंदेरी रंगात बुडवतात आणि तिला चिलखत म्हणतात. मला ते पटत नव्हते. म्हणून मी बांधकामाची बाइंडिंग तार आणली, सळईवर गुंडाळली, कापली आणि प्रत्येक कडे शेजारच्या चार कड्यांत ओवत दोन महिने विणत बसलो. कड्याची दोन टोके पकडीने एकमेकांना टेकवली की झाले, अशी माझी समजूत. लांबून ते खरे दिसत होते. जवळूनही दिसत होते. फक्त त्यात माणूस शिरला आणि त्याने हात वर केला, एवढेच चुकले!

त्या दिवशी माझे वडील नाटक पाहायला आले होते. महाविद्यालयाच्या आवारात ते पहिल्यांदाच आले होते. आमचा धंदा लोहाराचा. पूर्वी नांगराचे फाळ, विळे, खुरपी होत. आता बहुतेक करून वेल्डिंगची गेटे आणि कोयत्यांना धार लावणे. परतताना ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर खिशातून त्यांनी एक कडे काढले. गर्दीत कधी उचलले होते कुणास ठाऊक! ते दिव्याखाली धरून म्हणाले, "तोंड उघडंच ठिवलंस की रं ह्येचं. मग ह्याला धरणार कोन?"

हा लेख त्या उघड्या तोंडाबद्दल आहे.

शत्रूच्या तलवारीसमोर जे चिलखत घालून माणसे उभी राहत, त्यातील कड्यांची तोंडे नुसती टेकवलेली नसत. एकतर ते कडे अखंड असे, नाहीतर त्याची टोके एकमेकांवर चढवून, चेपून, त्यांतून भोक पाडून रिव्हेटने बंद केलेली असत. आमच्याकडे त्याला रिबीट म्हणतात. पुष्कळ जुन्या चिलखतांत, युरोपातल्या तशाच हिंदुस्थानातल्याही, एक ओळ अखंड कड्यांची आणि एक ओळ रिबीट मारलेल्या कड्यांची असते. यात मोठी सोय आहे. चार अखंड कडी एका उघड्या कड्यात ओवायची आणि ते एकच बंद करायचे. म्हणजे रिबीट मारण्याचे काम निम्म्यावर येते. ही कल्पना फार जुनी. साखळी-चिलखताचे श्रेय रोमन ग्रंथकार वॅरो याने गॉल लोकांना दिले आहे, आणि रुमानियातल्या चुमेश्ती येथे सापडलेले अशा चिलखताचे अवशेष इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले मानले जातात. तिथपासून ते थेट आपल्या दख्खनेपर्यंत ही वीण पोहोचली. फारसीत 'जिरह' म्हणजे कड्यांचे चिलखत. आपल्या जिरेटोपातले आणि जिरेबख्तरातले 'जिरे' ते हेच. (शाळेत असताना मी ते फोडणीतले जिरे समजत होतो, हे इथे कबूल करून टाकतो.)

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामाला बसलो. अण्णा प्रथम तयार नव्हते. "तुला कालेजात शिकायला घातलाय, ऐरणीवर बसायला न्हाई," हे वाक्य मी दहावीपासून ऐकत आलो आहे. पण त्या उघड्या तोंडाने त्यांनाही स्वस्थ बसू दिले नाही. एक सुधारलेले कडे करून पाहू म्हणाले, आणि अडकले.

तार १.२ मिलिमीटर जाडीची. ती १० मिलिमीटरच्या गुळगुळीत सळईवर घट्ट गुंडाळायची. वेटोळे छिन्नीने तोडले की कडी सुटी होतात. मग टोके एकमेकांवर सुमारे ५ मिलिमीटर चढवायची. कडे लहान होते आणि आतला व्यास साडेआठच्या आसपास येतो. ही कडी भट्टीत लाल करून राखेत हळूहळू निवू द्यायची, म्हणजे लोखंड मऊ पडते. (घरी कुणी करून पाहणार असेल तर एक सांगतो : जस्ताचा मुलामा दिलेली तार भट्टीत घालू नका, तिचा धूर विषारी असतो.) मग ऐरणीवर दुहेरी भाग दोनतीन ठोक्यांत चपटा करायचा. ठोका कमी पडला तर भोक पाडायला जागाच राहत नाही, जास्त पडला तर पत्रा होऊन फाटतो. मला हे समजायला सत्तरएक कडी लागली. अण्णा आवाजावरून सांगत. पाठमोरे असतानाही म्हणत, "ह्यो गेला."

भोक पाडण्याचा सुंबा त्यांनी मोडक्या कानशीतून घासून काढला. त्याचे टोक सुईसारखे. गंमत अशी की हा सुंबा लोखंड कापून बाहेर काढत नाही, बाजूला सारतो; त्यामुळे भोकाभोवतीची धातू तशीच शिल्लक राहते आणि कडे कमजोर होत नाही. मी ड्रिल मशीनने भोक पाडून पाहिले होते. कड्याची कड तुटून हातात आली. भोक झाले की कडे वाकडे उघडायचे. ताणून नव्हे, पीळ दिल्यासारखे. कारण ताणले की मग दोन्ही भोके पुन्हा समोरासमोर येत नाहीत. चार कड्यांत ओवायचे, मिटवायचे, बारीक खिळ्याचा तुकडा भोकात बसवायचा आणि दाबायचे. दाबण्यासाठी अण्णांनी एका जुन्या पकडीच्या जबड्यात लहानसा खळगा केला. त्या खळग्यात खिळ्याचे टोक गोल बसते आणि डाळीच्या दाण्यासारखा उंचवटा तयार होतो. तो उंचवटा अंगठ्याखाली लागला की कडे पूर्ण झाले असे समजायचे.

आम्ही २० ओळींचा, ओळीत २० कड्यांचा तुकडा केला. ४०० कडी. पसरलेल्या तळहाताएवढा. अखंड कडी करण्याची सोय नसल्याने सगळीच रिबिटाची. तुकडा पुरा झाल्यावर अण्णांनी तो खुंटीला अडकवला आणि खाली घण टांगला. कडी लांबट झाली. दोन उघडली. दोन्ही माझी होती.

आता थोडे गणित मांडतो. ते केल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. एका अंगरख्याएवढ्या चिलखताला, कड्याच्या आकाराप्रमाणे, वीस-तीस हजार कडी सहज लागतात. आपण २५,००० धरू. सरावलेल्या हाताला तोडणे, चेपणे, भोक, ओवणे आणि रिबीट मिळून एका कड्यामागे दोन मिनिटे लागली असे मानले, तर ५०,००० मिनिटे झाली. म्हणजे सुमारे ८३३ तास. रोज आठ तास मान खाली घालून बसले तर १०४ दिवस. निम्मी कडी अखंड धरली तरी ती कुणीतरी करावीच लागतात. आणि यात तार धरलेलीच नाही! आम्ही ती दुकानातून किलोवर आणली. त्या काळी लोखंड तापवून, ठोकून, भोके असलेल्या पोलादी पट्टीतून ओढत ओढत बारीक करावे लागे; सोनार आजही सोन्याची तार ओढतात, तसे.

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याची भेट. अंगरख्याखाली चिलखत होते म्हणून वार निभावला, हे आपण सगळे चौथीपासून जाणतो. त्यावर भाषणे केली आहेत, बक्षिसे मिळवली आहेत. मीही मिळवले आहे. पण त्या वेळी खानाचा वार ज्यांनी अडवला त्या कड्यांची तोंडे कुणी मिटवली होती, असा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मलाही तो सुचला नाही. लोहाराच्या घरात जन्म घेऊन सुचला नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

यावर एक सर मला म्हणाले, "अहो, साधने नाहीत. नावे कुठून आणणार?" हे खरे आहे, पण पुरते खरे नाही. युरोपातल्या काही साखळी-चिलखतांत लोखंडी कड्यांमध्ये एखादे पितळेचे कडे असते आणि त्यावर करणाराचे किंवा त्याच्या गावाचे नाव उमटवलेले असते. आपल्याकडे काय लिहिले गेले ते पाहा. १६८९ साली अदोनीच्या किल्ल्यात हाती लागलेली दख्खनी चिलखते बिकानेरचे महाराज अनुपसिंह यांच्या शस्त्रागारात गेली. त्यांतली काही आज परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्या पोलादी पट्ट्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी देवनागरी अक्षरे कोरली आहेत. ती कशाची? चिलखत कुठे मिळाले आणि कोणाच्या कोठारात जमा झाले, त्याची. म्हणजे लिहिणारा होता, अक्षरे होती, लोखंडावर ती उठवण्याची युक्तीही होती. लुटीचा हिशेब लिहिला गेला, कारागिराचा नाही. नावे नाहीत हे मान्य. पण ती का नाहीत, हासुद्धा इतिहासाचाच प्रश्न नव्हे काय?

आणि नाव नसले तरी काम आहे. कड्यावरचा उंचवटा हे एक साधनच आहे. ते वाचण्याची लिपी मात्र ऐरणीवर शिकावी लागते. इंग्लंडमध्ये ई. मार्टिन बर्जेस यांनी १९५३ साली चिलखत करणाऱ्यांच्या तंत्रावर निबंध लिहिला, तो पुरातत्त्वाच्या एका विद्वत्-नियतकालिकात छापून आला. पकड, सुंबा आणि रिबीट हा विद्वत्तेचा विषय तिकडे होऊ शकला. आमच्याकडे मी तुकडा वर्गात नेला तेव्हा एका मित्राने विचारले, "आयटीआयला का नाही गेलास?" त्याने ते थट्टेने विचारले. मला लागले ते वेगळ्या कारणाने : गेली दोन वर्षे मी स्वतःच माझे हात खिशात ठेवून वर्गात बसत होतो, नखांतले काळे दिसू नये म्हणून.

संग्रहालयात आता मी चिलखतापुढे पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभा राहतो. पूर्वी मी पाटी वाचत असे, आता कड्यांची तोंडे पाहतो. एकोणिसाव्या शतकातली काही हिंदी चिलखते पाहण्यासारखी आहेत. लोखंडी, तांब्याची आणि पितळेची कडी वापरून त्यांत सुरेख नक्षी विणलेली असते. पण पुष्कळांतली तोंडे नुसती टेकवलेली, माझ्या नाटकातल्यासारखी! लढाई संपली होती, दरबार शिल्लक होता. पाटीवर दोन्हीकडे एकच शब्द : चिलखत. हा फरक मला कोणत्याही पुस्तकाआधी माझ्या फजितीने शिकवला.

कुणी म्हणेल, हा सगळा छंद झाला. परदेशात असे छांदिष्ट पुष्कळ आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांना लागणारी रिबिटाची चिलखते आज आपल्याच उत्तर भारतातल्या कारखान्यांतून तयार होऊन जातात. तिथेही कडी मिटवणारे हात कोणाचे, हे खोक्यावर लिहिलेले नसावे. मी हेही मान्य करतो की ४०० कडी केली म्हणून मी सतराव्या शतकात जाऊन पोहोचलो नाही. आमच्याकडे विजेचा दिवा होता, तयार तार होती, कंटाळा आला की चहा होता, आणि मुख्य म्हणजे कडे उघडले तर कुणी मरणार नव्हते. हा शेवटचा फरक तर कोणत्याच भट्टीत भरून निघणार नाही. शिवाय चिलखताचे फार कौतुकही नको. ते धार अडवते, मार अडवत नाही. खाली कापूस भरलेली जाड बंडी नसेल तर कडे शाबूत राहील आणि बरगडी मोडेल.

तरीही माझी इतिहास विभागाला एक मागणी आहे. वर्षातून एक निबंध तरी हाताने लिहू द्या. मी लेखणीबद्दल बोलत नाही. कुंभाराच्या मुलाने रांजण घडवून आणावा, कोष्ट्याच्या मुलीने मागावरचा पट्टा आणावा, आणि त्यासोबत चार पाने लिहावीत की हे करताना काय कळले, काय चुकले. गुण पानांना द्या, वस्तूला नको. नाहीतर सगळे बाजारातून विकत आणतील, हे मीच आधी सांगतो. आणि नाटक मंडळाला मागणी अशी की पुढच्या वर्षी चिलखत सुतळीचेच असू द्या. २५,००० कडी होणे शक्य नाही. फक्त पडद्यामागच्या फलकावर नटांच्या नावांखाली सुतळी विणणाऱ्या मुलींची नावेही लिहा.

तो तुकडा सध्या ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात आहे. पावसाळ्यात त्यावर गंज चढला होता. अण्णांनी तो घरी मागवून घेतला, वाळूबरोबर एका गोणपाटाच्या पिशवीत घालून तासभर हलवला आणि तेलाचा हात फिरवून परत पाठवला. दोन उघडलेली कडी त्यांनी तशीच ठेवली आहेत. ती मी बदलायची आहेत. शनिवारी दुपारी आमची शेड उघडी असते. खळगा केलेल्या पकडी आता दोन आहेत, तेव्हा कुणाला यायचे असेल तर यावे. येताना जुने कपडे घालून यावे.