मूल कोणाचे?

“मूल आमचे, मारू आम्ही, तुम्ही कोण विचारणार?” हा प्रश्न आपल्या समाजात इतक्या सहजतेने विचारण्यात येतो की, त्यातील कठोरपणा कोणाच्या ध्यानातही येत नाही. मूल ही आईबापांची मालमत्ता होय, हे त्यामागील गृहीत. मराठीतील ‘मूल’ आणि आमच्या कोकणीतील ‘भुरगें’ हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी आहेत. व्याकरणापुरते ते ठीकच. परंतु म्हणून व्यवहारातही मुलास निर्जीव वस्तू लेखावे काय?

बालकांचा छळ क्वचितच होतो, हा समज खरा नव्हे. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांच्या पाहणीत दर तिघांपैकी दोघांस शारीरिक छळ सोसावा लागल्याचे आढळून आले.

या दुःखाचे मूळ एकाच कारणात सापडत नाही. दारूचे व्यसन, कर्जाचा ताण, पतिपत्नींमधील मारहाण, नातलग व शेजार यांपासून तुटलेले घर, अशी कारणे एकत्र आली की धोका बळावतो. अपंग अथवा नकोशा मुलाच्या वाट्यास तो अधिकच येतो. मात्र दारिद्र्य म्हणजे क्रौर्य नव्हे. अर्धपोटी राहून लेकरांस मायेने वाढविणारी घरे थोडी नाहीत. आणि बंगल्याच्या जाड भिंतींतून रडणे बाहेर ऐकू येत नाही, इतकेच. तसेच, बालपणी मार खाल्लेला प्रत्येक मनुष्य पुढे मारकुटाच होतो असेही नाही. एका वडीलधाऱ्याचा जिव्हाळासुद्धा ही साखळी तोडू शकतो.

तो वडीलधारा पुष्कळदा शिक्षकच असतो, आणि येथेच आम्हां शिक्षकांची कसोटी आहे. गोव्यात २००३ साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. तरीही छडीवाचून विद्या नाही, असे म्हणणारे आहेतच. शिस्त हवी, यात वाद नाही. परंतु भयाने आलेली शिस्त शिक्षकाची पाठ वळताच संपते. शिवाय, ज्या मुलास गुरुजींचेच भय वाटते, ते घरातील व्यथा त्यांस कशी सांगणार? शाळेतील छडी अशा मुलाचे अखेरचे दारही बंद करते.

विद्यार्थी मित्रहो, कोणी तुमचा छळ करीत असेल तर तो तुमचा दोष नव्हे. विश्वासाच्या माणसास सांगा. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करा. आणि पालकहो, शेजारच्या घरातून वारंवार आर्त रडणे ऐकू आले, तर “त्यांचे ते पाहतील” असे म्हणून खिडकी लावून घेऊ नका. मूल त्या घरात जन्मले असेल. परंतु त्याच्या रक्षणाचे उत्तरदायित्व आपणा सर्वांचेच आहे.