रविवारची सही

रात्री झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना, हे मी बघतेच. घरात पाहुणे असोत, नाहीतर अंगात ताप असो. सासूबाईंनी लावलेली ही सवय. ‘काल बंद होता म्हणून आज बंद असेलच असं नसतं गं,’ असं त्या म्हणायच्या. मध्यंतरी त्यांचं हे वाक्य फार आठवलं.

आमच्या गावाबाहेर औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका केंद्रात आसपासच्या कारखान्यांचा घातक कचरा येतो. वापरलेली ॲसिडं, रंगांचा गाळ, सॉल्व्हंट, सगळं पिंपांत भरून. शेजारच्या वहिनींचा मुलगा तिथे कंत्राटी कामगार आहे. एका दुपारी हलवताना एक गंजलेलं पिंप बुडाशी फुटलं आणि त्याच्या डोळ्यांत शिंतोडे उडाले. दहा पावलांवर डोळे धुण्याचा खास नळ होता. तो धडपडत तिथे गेला, तर नळाला पाणीच नाही! दुरुस्तीसाठी बंद केलेला मागचा व्हॉल्व्ह पुन्हा कुणी उघडलाच नव्हता. सोबत्याने पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतला म्हणून डोळे वाचले. एका डोळ्याला अजून धूसरच दिसतं.

वहिनींबरोबर मीही केंद्रावर गेले. नळाशेजारी तपासणीचं कार्ड लटकत होतं. प्रत्येक तारखेपुढे ‘ठीक’ आणि सही. वहिनी कार्डाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “साहेब, रविवारी इथे सुट्टी असते ना? मग रविवारची सही कुणी केली?” साहेब गप्प.

मैत्रिणींनो, भोपाळ आपण विसरलेलो नाही. १९८४ च्या डिसेंबरात, २ तारखेच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट गळला आणि हजारो जीव गेले. तिथे सुरक्षेची साधनं नव्हती असं नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती, पण बंद करून ठेवलेली. वायू जाळणारा मनोरा होता, पण त्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. पाण्याचे फवारे होते, पण ते गळतीच्या उंचीपर्यंत पोहोचलेच नाहीत. साधन असणं वेगळं आणि वेळेला ते चालणं वेगळं. त्याच आवारातला ३३७ टन विषारी कचरा हलवून पीथमपूरला न्यायला २०२५ साल उजाडलं!

म्हणून नियमित तपासणी हवी. साहेब येणार म्हणून चुना मारून, फुलांचा गुच्छ तयार ठेवून होते ती नव्हे. काय बघायचं, कुणी, कुठल्या दिवशी, हे आधी लिहून ठेवायचं. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे अशा केंद्रात पिंपं निदान आठवड्यातून एकदा बघावी लागतात आणि तपासणीची नोंद तीन वर्षं जपावी लागते. पिंप गंजलंय का, झाकण घट्ट आहे का, वर लेबल आहे का, खालच्या सिमेंटच्या बांधाला तडे गेलेत का? ॲसिडशेजारी सायनाइडचा कचरा तर ठेवला नाही ना? ते दोन्ही एकत्र आले तर जीवघेणा वायू तयार होतो. डोळे धुण्याचा नळ तर दर आठवड्याला प्रत्यक्ष सोडूनच बघायला हवा. नुसतं ‘नळ आहे’ असं लिहून भागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिघाड लिहिला की त्यापुढे दुरुस्तीची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव हवं. रविवारची सही करणारा मुलगाही कंत्राटीच होता. ‘नळ बंद’ असं लिहिलं असतं तर बोलणी त्यालाच बसली असती. जिथे खरं लिहिणाऱ्याला ओरडा मिळतो, तिथे वहीत सगळं ‘ठीक’च असणार. स्वयंपाकघरातसुद्धा ‘दूध उतू गेलं’ म्हणून सांगायला आलेल्या पोरीला धपाटा घातला, तर पुढच्या वेळी ती सांगायला येते का?

आपण काय करू शकतो? घातक रसायनांची आणि कचऱ्याची माहिती कारखान्याच्या दारावर फलकावर लावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ रोजी दिला होता. येता-जाता तो फलक वाचा. कोरा किंवा जुना असेल तर विचारा. घरचा माणूस तिथे कामाला असेल तर जेवताना सहज विचारा, “डोळे धुण्याचा नळ शेवटचा कधी सोडून बघितला?” उत्तर मिळालं नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. महिला मंडळाच्या दहा सह्यांचा अर्ज तिथे देता येतो. त्या सह्या मात्र खऱ्या असू द्या!

त्या केंद्रात आता दर सोमवारी नळ सोडून बघतात म्हणे. वहिनींचा त्यावर फारसा विश्वास नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या फाटकावर जातात आणि वही दाखवा म्हणतात. पुढच्या वेळी मीही जाणार आहे.