टॉरिनची गोळी आणि उंदरांचे वय

साठीनंतर रोज टॉरिन हे अमिनो आम्ल घ्यावे, असे सुचवणारे पत्र गेल्या अंकात वाचले. पत्रलेखकांनी दिलेला २०२३ चा दाखला खरा आहे. कोलंबिया विद्यापीठातील विजय यादव आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन उंदरांना रोज टॉरिन दिले, तेव्हा त्यांचे आयुष्य १० ते १२ टक्क्यांनी वाढले. साठीच्या माणसाच्या रक्तात हे द्रव्य पाच वर्षांच्या मुलाच्या जेमतेम एक तृतीयांश असते, असेही त्यांनी मांडले होते.

पण पुढचे पान पत्रलेखकांनी उलटलेच नाही. यादव यांचा अभ्यास छापणाऱ्या ‘सायन्स’ या नियतकालिकातच जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा अभ्यास आला. त्यात त्याच त्या माणसांचे रक्त अनेक वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासले होते. वयाबरोबर टॉरिन सरसकट घटलेले दिसले नाही, बहुधा तेवढेच राहिले किंवा वाढले. माणसामाणसांतला फरकच अनेकदा वयामुळे पडणाऱ्या फरकाहून मोठा निघाला. उंदरांवरचा निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही, पण ‘कमी झाले, म्हणून भरून काढा’ हा युक्तिवाद लंगडा पडतो.

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर हल्ली टॉरिनच्या गोळ्यांची एक डबी हातोहात फिरते. तिच्या मागे बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापले आहे. पत्रलेखकांनी आपल्या डबीची मागची बाजू वाचली आहे का?

– एक निवृत्त वाचक, मिरज