फ्रिज फोडण्याआधी लेबल वाचा

कुर्ला, साकीनाका, धारावी भागात भंगाराच्या धंद्यावर आपल्या समाजाची असंख्य कुटुंबे जगतात. जुना फ्रिज आला की छिन्नी-हातोड्याने नळी तोडायची, गॅस हवेत सोडायचा आणि कॉम्प्रेसर काढून घ्यायचा, ही तिथली जुनी रीत. आता ती जिवावर बेतू शकते.

पूर्वीच्या फ्रिजमध्ये आर-12 गॅस असे. ओझोनच्या थराला तो घातक, पण पेट घेत नसे. आताच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. हा स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद! भरलेला असतो थोडाच, पण हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. बंद गाळ्यात शेजारी गॅस कटर चालू असेल तर तेवढाही पुरतो. असे फ्रिज आता भंगारात येऊ लागले आहेत.

कॉम्प्रेसरजवळच्या लेबलवर गॅसचे नाव असते. ज्याला वाचता येत नाही त्याने पिवळ्या त्रिकोणातली ज्वाळा ओळखावी. ती दिसली की नळीला हात लावू नये. काचा, जाळ्या, दरवाजा काढून घ्यावा आणि बाकीचा फ्रिज नोंदणीकृत रिसायकलरला अख्खा विकावा. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत रिसायकलरला नोंदणी सक्तीचीच आहे.

तांब्याचे चार पैसे सुटतात, अशी तक्रार शेठ मंडळी करतील. सुटतील. पण छिन्नी शेठच्या हातात नसते, गावाहून आलेल्या पोराच्या हातात असते, आणि त्याच्या आईबापांनी तो आपल्या भरवशावर पाठवलेला असतो.