श्रेय पेढीचं, जोखीम माणसाची

1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले आणि महादेवभट हिंगणे यांना त्यांनी वकील म्हणून मागे ठेवलं. पुढे हे काम त्यांच्या मुलांकडे आलं. दिल्लीतली वकिली म्हणजे नुसते मुजरे नव्हेत. कबूल झालेला पैसा वसूल करायचा, तो पुण्याला पोचवायचा आणि बादशहा, वजीर, सावकार या सगळ्यांची मर्जीही राखायची. पुण्याला हिंगणे हवे होते ते या ओळखींसाठी. तरीही पानिपतापूर्वीच्या दशकात दिल्लीतले मराठा सरदार अंताजी माणकेश्वर आणि हिंगणे बंधू यांचं बिनसलं, तेव्हा बोट ठेवलं गेलं ते एकमेकांच्या हिशेबाच्या वहीवर. ओळखींची किंमत मात्र कुठल्याच वहीत मांडलेली नव्हती.

आज गुरुग्रामच्या सायबर सिटीत श्रीमंतांचा पैसा सांभाळणाऱ्या बँकेच्या आरएमची, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजरची, गत फार वेगळी नाही. ग्राहकाच्या मुलीचं लग्न कधी, मुलगा कुठल्या देशात शिकतोय, भावाशी वाटणीचं कुठवर आलंय, हे सगळं त्याला पाठ असतं. आढाव्याच्या बैठकीत प्रश्न एकच, ‘नंबर किती?’ त्यानं नोकरी सोडली की ते घर दुसऱ्याच्या ‘बुक’मध्ये जातं.

सेबीने 1 ऑगस्ट 2009 पासून म्युच्युअल फंडांवरचा एंट्री लोड बंद केला. गुंतवणुकीतून आधीच कमिशन कापण्याची वाट तिथे संपली, टार्गेट मात्र कमी झालं नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2010 मध्ये, गुरगावच्या सिटीबँक शाखेतलं प्रकरण उघडकीला आलं. सेबीचं खोटं परिपत्रक दाखवून ग्राहकांचे शेकडो कोटी वळवल्याचा आरोप एका आरएमवर होता. निव्वळ व्यक्तीवरचा विश्वास किती महागात पडतो, हे तेव्हा दिसलं. त्यामुळे बँकांनी माणसावर नजर ठेवली तर तक्रार करता येणार नाही.

2013 पासून म्युच्युअल फंडाच्या अर्जावर वितरकाच्या क्रमांकाशेजारी ईयूआयएनचा रकाना आला. विकणाऱ्या माणसाचा हा स्वतःचा क्रमांक, ‘ई’ने सुरू होणारा. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही, म्हणजे चुकीचं गळ्यात मारलं तर बोट नेमकं त्याच माणसाकडे जातं. व्यवस्थेने त्याला व्यक्ती म्हणून ओळखलं ते इथे. (नको तिथेच, असं कुणी म्हणेल.) व्यवस्था म्हणून हे योग्यच आहे, पण अर्धं. सत्तरीच्या विधवेला ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं सांगून जो परत आला, त्याच्यासाठी कुठल्याही अर्जावर रकाना नाही, आणि मार्चअखेरीला त्या परत येण्याचा हिशेब तूट म्हणूनच होतो.

बोनस ठरवताना बँकांनी वर्षाच्या विक्रीबरोबर त्या आरएमची घरं तीन वर्षांनी टिकली का आणि त्यांच्या तक्रारी किती आल्या, हेही मोजावं. ग्राहकांच्या याद्या बँकांकडे आहेतच, आणि तक्रारींच्या नोंदीही.