शेकडो रंग, एक प्रॉम्प्ट

कॉलेज फेस्टच्या ॲपचं काम केलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. सगळे स्क्रीन तयार असतात आणि आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज येतो, ‘स्पॉन्सर बदललाय, निळ्याचं केशरी करा.’ मग ज्युनिअर मंडळी पहाटेपर्यंत एकेक बटण निवडून रंग बदलत बसतात. कंपन्यांमध्येही वेगळं काही नसायचं. तिथे त्या ज्युनिअरला इंटर्न म्हणतात, एवढाच फरक.

हेच काम आता एआय एजंटकडे चाललंय.

फिग्मा या डिझाइन टूलनं जून २०२३ मध्ये ‘व्हेरिएबल्स’ आणली. रंग, अंतर, अक्षरांचा आकार यांना एक नाव द्यायचं आणि बटणानं किंमत त्या नावाकडून घ्यायची. नावामागची किंमत बदलली की सगळीकडे बदल. लाइट मोडला एक रंग, डार्क मोडला दुसरा, हेही त्यातच. पण ॲप मोठं झालं की व्हेरिएबल्सच शेकड्यांनी होतात आणि कंटाळवाणं काम पुन्हा दारात हजर! नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकनं एमसीपी हे खुलं मानक आणलं. एआयला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडणारा हा सामायिक प्लग म्हणा ना. फिग्मानं जून २०२५ मध्ये आपला एमसीपी सर्व्हर बीटा रूपात दिला. तो मुख्यतः डिझाइन वाचून कोड लिहायला होता, पण फाइलमध्ये बदल करायलाही लोकांनी प्लगइन जोडून वाटा काढल्या. आता एजंटला साध्या भाषेत सांगायचं, ‘सगळे निळे केशरी कर, डार्क मोडला हात लावू नकोस.’ तो यादी वाचतो, नवे आकडे ठरवतो आणि एका बॅचमध्ये बदलून मोकळा होतो.

भारी आहे, यात वाद नाही. पण चूकसुद्धा बॅचमध्येच होते.

समजा, मूळ निळ्याला बटण, लिंक आणि सूचनेचा आयकॉन असे तिघं जोडलेत. एजंटनं मूळ रंग केशरी केला की तिन्ही केशरी होणार. ॲपमध्ये ‘सावधान’चा रंग आधीच केशरी असेल, तर साधी सूचनाही धोक्यासारखी दिसणार. वर बटणावरची अक्षरं पांढरीच राहिलेली असतात. वेबवर मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून डब्ल्यूसीएजी हे निकष आहेत. त्यांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट लागतो. भडक केशरीवर पांढरी अक्षरं जेमतेम दोनच्या आसपास येतात. सॉफ्टवेअर हे अडवत नाही, कारण रंगाचा कोड बरोबर असतो. नजर कमजोर असलेल्या माणसाला तिकिटाचं बटण वाचता येईल का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्यासाठी तर आणखी एक गोम आहे. ओळींमधलं अंतर हेही एक व्हेरिएबलच. ‘स्क्रीन जरा आटोपशीर कर’ म्हटलं की एजंट ते कमी करतो. इंग्रजी छान दिसतं आणि मराठीचे हाल होतात. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर रफार-वेलांटी, खाली उकार. वरच्या ओळीत ‘शत्रू’ आणि खालच्या ओळीत ‘कीर्ती’ आली की उकार आणि रफार एकमेकांच्या मानगुटीवर! बँकेच्या किंवा सरकारी ॲपमध्ये मात्रा कापलेलं मराठी तुम्हीही पाहिलं असेल. कधी फॉन्टचा दोष असतो, पण बऱ्याचदा तो स्क्रीन मराठीत उघडून कुणी पाहिलेलाच नसतो.

मग इंटर्नचं काय? ‘एआय नोकऱ्या खाणार’ ही चर्चा ऐकून कान किटलेत, पण इथे प्रश्न जरा वेगळा आहे. रंग बदलण्याचं काम रटाळ होतं, मान्य. मात्र कुठलं बटण कशाला जोडलंय, काय बदललं की काय मोडतं, हे तेच करता करता कळायचं. पगार कमी आणि शिक्षण जास्त, असा तो व्यवहार. कंपन्यांना काम हवं होतं, शिक्षण फुकटात घडत होतं. काम एजंटकडे गेलं तर शिकवण्याची जबाबदारी कोण घेणार, यावर कंपन्या आणि कॉलेजं दोन्ही गप्प आहेत. आणि एजंटचं काम तपासायला माणूस हवा, तर तो हेच सगळं शिकलेला हवा ना!

विद्यार्थ्यांना फिग्माचा एज्युकेशन प्लॅन फुकट मिळतो, तेव्हा हे घरीच करून बघता येईल. जुन्या प्रोजेक्टची कॉपी करा, मूळ फाइल एजंटच्या हाती देऊ नका. आधी त्याच्याकडून जुनी किंमत, नवी किंमत आणि ती कुठे कुठे वापरलीय याचा तक्ता मागा. तो वाचून झाल्यावरच बदल करू द्या. मग एक स्क्रीन मराठीत करून ‘शत्रू’खाली ‘कीर्ती’ टाका आणि उन्हात उभं राहून मोबाइलवर वाचून बघा.