अर्ध्यावर सोडलेला विनोद

मुंबईच्या एका उपनगरात नुकत्याच भरलेल्या ‘स्टँड-अप कॉमेडी’च्या महोत्सवातील एक रात्र प्रस्तुत लेखकाने प्रेक्षकांत बसून काढली. शे-सव्वाशे खुर्च्यांचे सभागृह, रंगमंचावर एक ध्वनिक्षेपक, एक उंच स्टूल आणि पाण्याची बाटली. नेपथ्य म्हणावे ते एवढेच. सात कलावंत एकामागून एक आले आणि प्रत्येकाने पंधरा-वीस मिनिटे समोरच्यांना हसवण्याचा यत्न केला. खोली भाड्याने देण्यापूर्वी आडनाव विचारणारे घरमालक, लोकलमधील चौथी सीट, लग्नाच्या चौकशा करणाऱ्या आत्या हे विषय हमखास टाळ्या घेत होते. काही विनोद शिळे होते आणि शिव्यांची फोडणी कित्येकदा पदार्थाहून अधिक झाली होती. तथापि रात्र वाया गेली, असे म्हणवत नाही.

त्या रात्रीचा सर्वांत मोठा हशा मात्र पूर्ण न झालेल्या एका विनोदाला मिळाला. एका तरुणाने राज्यातील पक्षांतरांचा विषय काढला, एका नेत्याच्या लकबीची नक्कल सुरू केली आणि वाक्याच्या मध्यावर थांबून तो म्हणाला, ‘‘पुढचं तुम्ही घरी जाऊन हसा. या हॉलच्या मालकाला अजून हप्ते फेडायचेत.’’ सभागृह दणाणून गेले. घरी परतताना मात्र जाणवले, की आपण सारे हसलो ते एका भीतीला. आणि ती भीती कोणती, हे एकालाही समजावून सांगावे लागले नाही.

ती निराधार आहे, असे कोण म्हणेल? १ जानेवारी २०२१ रोजी मुनव्वर फारुकी यांना इंदूरमध्ये धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून अटक झाली. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन देईपर्यंत ते कोठडीतच होते. पुढे २३ मार्च २०२५ रोजी ही वावटळ मुंबईत पोहोचली. कुणाल कामरा यांनी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना उद्देशून म्हटलेल्या विडंबनगीताची ध्वनिचित्रफीत प्रसृत होताच शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खार येथील ‘हॅबिटॅट’ या सभागृहाची मोडतोड केली. दुसऱ्याच दिवशी नियमभंगाचे कारण देत महापालिकेचे पथक हातोडे घेऊन तेथे हजर झाले. बांधकाम नियमबाह्य असेल, तर ते आदल्या आठवड्यातही नियमबाह्यच होते. विनोदानंतरच ते दिसावे, हा योगायोग भाबड्या माणसालाही पटणारा नाही. शासन झाले कोणाला? गाणाऱ्याला नव्हे, तर ज्याने त्याला जागा दिली त्याला. दहशतीचे हे तंत्र मोठे किफायतशीर आहे. एक खोली फोडली की शहरातील इतर खोल्यांचे मालक आपण होऊन परिनिरीक्षक बनतात.

हे महाराष्ट्रात घडावे, याचे वैषम्य अधिक आहे. तमाशातल्या सोंगाड्याने राजा-प्रधानाला तर सोडले नाहीच, समोर बसलेल्या पाटलालाही टोला हाणला आणि पाटलाने तो हसून झेलला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी हीच परंपरा शहरी रंगमंचावर गाजवली. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली आणि १९७७ च्या निवडणुकीत त्याच वाणीने आणीबाणीची रेवडी उडवली. फार काय, ज्या संघटनेचे नाव घेऊन खारमध्ये खुर्च्या मोडल्या गेल्या, तिचा उगमही ‘मार्मिक’ या १९६० साली निघालेल्या व्यंगचित्र-साप्ताहिकात आहे. इतरांच्या व्यंगावर बोट ठेवत वाढलेल्यांनी आपल्यावरील विडंबनाने असे कासावीस व्हावे, याला काळाचा विनोद म्हणावे लागेल.

विनोदाला मर्यादा नकोत काय, असा प्रश्न यावर विचारला जातो आणि तो गैरलागू नाही. बदनामी झाली असे ज्याला वाटते, त्याला न्यायालयाचे दार मोकळे आहे. पण त्याच्याही आधी सभागृहाचे स्वतःचे न्यायासन असते. त्याच रात्री एका कलावंताने घरकाम करणाऱ्या बाईंच्या बोलण्याची हेटाळणी आरंभली. कोणी ओरडले नाही, कोणी उठले नाही. फक्त कोणी हसले नाही. त्या शांततेत तो दोनदा अडखळला आणि त्याने विषय बदलला. इतका तत्काळ आणि इतका अहिंसक न्याय अन्यत्र क्वचितच मिळत असेल. मात्र हे न्यायासन चालायचे, तर तिकीट काढून आलेल्या माणसाला विनोद शेवटपर्यंत ऐकू आला पाहिजे. न ऐकलेल्यांच्या दुखावलेल्या भावना ऐकणाऱ्यांच्या विवेकाहून थोर मानल्या जाऊ लागल्या, की त्याचे दिवस भरले.

शासनाकडून फार अपेक्षा नाहीत. धमकी आली, तर पोलिसांनी मोडतोडीआधी दारात उभे राहावे आणि महापालिकेने आपले हातोडे राजकारण्यांच्या रागलोभापासून दूर ठेवावेत. बाकीचे प्रेक्षक पाहून घेतील. त्या तरुणाचा अर्ध्यावर सोडलेला विनोद पूर्ण ऐकण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि तो अगदीच सुमार निघाला, तर न हसण्याचाही.